सातव्या मजल्यावरची यादी

शुक्रवारी दहाला आम्ही शटर अर्धं ओढतो.
बुसानच्या मासळीबाजारामागची ही गल्ली,
खोक्यांतलं खारं पाणी अजून उताराला लागलेलं,
आणि आमच्या खानावळीत
फ्रिजवरच्या टीव्हीला आठवडाभर चढलेली चरबीची साय
मी बाहीनं पुसते.
त्या वेळचं तेवढंच माझं काम. बाकी बघणं.

मालिकेतली कंपनी जहाजांचे सुटे भाग विकते.
सातवा मजला, काचेच्या खोल्या.
यून चेरिम, उपव्यवस्थापक, वय चौतीस.
तिच्यापुढे यादी: आठ नावं छापलेली,
नववं सकाळपर्यंत तिनं भरायचं.
एकीकडे प्यो साहेब, ज्यांनी पहिल्या आठवड्यात
तिला जेवणाच्या सुट्टीत एकटं बसू दिलं नव्हतं.
दुसरीकडे ती नवी पोरगी, तिसरा महिना,
हे चेरिमला ठाऊक, आणि आम्हाला.

चेरिमनं पेन उचललं
आणि स्वतःचं नाव लिहिलं.

जाहिरात.

"मूर्ख!" ओकबुननं सुरी फळीवर आपटली,
कांद्याची पात माझ्या केसांत.
"भाडं कोण भरणार हिचं? सातवा मजला?"
"मग काय करायचं होतं?" दासुल म्हणाली,
कॉलेजची पोर, भांडी घासते आणि सगळ्यांची बाजू घेते.
"फाडायचा कागद."
"फाडला तर दुसरा छापतील. प्रिंटर त्यांचाच."
हा पिल्दू. बर्फ टाकायला येतो
आणि एपिसोड संपेपर्यंत बसतो,
बाहेर त्याच्या गाडीखाली डबकं वाढत जातं.

"आणि तो प्यो! यादी दिसली तसा उठला, पाणी प्यायला गेला."
"तहान लागली असेल."
"नेमकी तेव्हाच?"
"तहान काय विचारून लागते?"
"तू गप. तूही पाणी प्यायला गेला असतास."
पिल्दू गप्प झाला.
गेला असता तो. मीही गेले असते, बहुतेक.

मालसुनबाई गल्ल्याशी नोटा मोजत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"त्या डायरेक्टरचं कुणीच बोलत नाही.
त्याच्याही हातात कुणीतरी वरून
यादी ठेवलीच असेल ना."

कुणी काही बोललं नाही.
हाडांचं पातेलं आपलं रटरटत राहिलं.
गेल्या थंडीत गॅसचं बिल दुप्पट आलं,
तेव्हा आमच्यातही एक नाव कमी झालं होतं.
यादी नव्हती. मालसुनबाईंनी मागच्या दारी नेऊन
हळू आवाजात सांगितलं होतं.
अकरा वर्षं.

ओकबुन पात चिरत राहिली, गरजेपेक्षा बारीक.
"जोमरेही बघते ही मालिका," ती म्हणाली.
"मंगळवारी फोन आला होता."

मालसुनबाईंचं बोट नोटेवर थांबलं.
"काय म्हणते?"
"म्हणते, डायरेक्टर वाईट नाही.
म्हणते, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.
राग येतो म्हणे फक्त प्योचा."

मी नळ सोडला, उगाच.
मालसुनबाईंनी गड्डी पुन्हा पहिल्या नोटेपासून धरली.

जाहिरात संपली.
चेरिम खोकं घेऊन लिफ्टची वाट बघत उभी.
खोक्यात एक मग, एक कॅलेंडर,
आणि टेबलाखाली घालायच्या मऊ चपला.
"बघा," दासुल म्हणाली, "चपला विसरली नाही ती."

आमच्या मांडणीच्या तळाला रबरी बूट आहेत,
दोनशे पस्तीस नंबर, डाव्याची टाच झिजलेली.
कुणाच्याच मापाचे नाहीत.
फरशी धुताना मी ते उचलते, खाली पुसते,
परत तिथेच ठेवते.

"आवाज वाढव," मालसुनबाई म्हणाल्या.
मी वाढवला.
"आणि गुडघा?" त्यांनी विचारलं,
टीव्हीकडे बघत.
"कुणाचा?" म्हणाली ओकबुन. तिला माहीत होतं कुणाचा.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं.
आत प्यो साहेब उभे होते,
हातात पाण्याचा कागदी पेला,
आणि आम्ही सगळ्यांनी एकदम
माना वर केल्या.